आत्यांच्या सुटकेसमध्ये डिंक नसायचा

आत्या आठवडाभरासाठी आल्या तरी त्यांच्या सुटकेसमध्ये साडी एकच असायची. बाकी सगळा कागद. त्यांच्या बीबी गावाहून आलेल्या एसटीतून देऊळगाव राजाला उतरल्या की रिक्षावाल्याला सुटकेसला हात लावू द्यायच्या नाहीत, स्वतःच्या मांडीवर घेऊन बसायच्या. "कपडे काय, तुही साडी नेसीन मी," मला म्हणायच्या. आणि नेसायच्याही. ती त्यांना माझ्यापेक्षा खुलून दिसायची, हे आमच्या ह्यांनी एकदा बोलूनही दाखवलं होतं.

आत्या म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई. माझी गौरी त्यांना आत्या म्हणायची, म्हणून मग आम्ही सगळेच. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही, घरी शिलाईचं मशीन. उन्हाळ्याच्या सुटीत त्या यायच्या त्या गौरीची चिकटवही भरायला. वर्षभर पोरीला मी वाढवायची, तिचे फोटो स्टुडिओतून काढून आणायची, आणि आठवडाभरात ते वहीत चिकटवून कौतुक सगळं आत्यांचं.

सुटकेस भरण्याची त्यांची एक तऱ्हा होती. कार्डशीट साडीच्या घडीत, म्हणजे मुडपत नाही. नागमोडी कातर टॉवेलात गुंडाळलेली. मिठाईच्या डब्यात लग्नपत्रिकांवरून कापलेले सोनेरी मोर आणि कलश, ब्लाउजातून उरलेले कापडाचे तुकडे, लेस, टिकल्या. गौरी त्या डब्याचं झाकण उघडायची तेव्हा तिचा जो चेहरा व्हायचा, तो मी नवा ड्रेस आणला तरी कधी झाला नाही. मी दारात उभी राहून तो चेहरा बघायची आणि जळायची. दुसरा शब्द नाही त्याला.

एवढं सगळं आणायच्या, पण डिंक कधीच नाही. आल्या आल्या मला फर्मान, "खळ शिजव वो बाई मैद्याची. तुह्या हातची बिनगाठीची होते." मग मी गॅसपाशी मैदा ढवळत बसणार आणि बाहेरच्या खोलीत दोघींचं खिदळणं चालणार. वाटी नेऊन ठेवली की आत्या सरकून जागा करायच्या.

"बस ना इथं. काऊन पळून राह्यली?"

"कुकर लावायचाय," मी म्हणायची. कुकर केव्हाच झालेला असायचा. माझ्याच पोरीशेजारी बसायला दुसऱ्या कुणी मला जागा करून द्यावी, हे माझ्या पचनी पडत नव्हतं.

एका वर्षी मी चौकातल्या दुकानातून गमची मोठी बाटली आणून त्यांच्यासमोर ठेवली. आता मला स्वयंपाकघरात धाडायला कारणच उरलं नाही, असं मला वाटलं. आत्यांनी बाटली उलटीपालटी करून पाहिली आणि बाजूला सारली. "राहू दे. शाळेत कामी येईन तिले." गौरीही लगेच, "आई, खळच कर ना." त्या दिवशी खळ मी मुद्दाम गाठींची केली. आत्या बोटाने एकेक गाठ मोडत बसल्या आणि गौरीला म्हणाल्या, "आज घाईत दिसते आई तुही."

यंदा संक्रांतीच्या सुमारास आत्या गेल्या. गौरी आता संभाजीनगरला शिकते. सुटकेस तिच्याकडे आली, कुणी कुणाला विचारलंसुद्धा नाही. परवा सुटीत घरी आली होती तेव्हा मैत्रिणींचं ठरलं, एकीच्या घरी जमून कॉलेजची चिकटवही करायची. पलंगावर सुटकेस उघडून ती भरत होती. कार्डशीट ड्रेसच्या घडीत, कातर टॉवेलात. मी सवयीने दारातच उभी.

"डिंक राहिला तुझा," मी म्हटलं.

"तो नाही न्यायचा. जिच्या घरी बसायचं तिच्या घरचा."

"असं का पण?"

तिने मान वर केली नाही. "आत्या म्हणे, आपण सारंच नेलं तर घरची बाई आपल्याजवळ कशाले येईन? खळीची वाटी घेऊन तरी येते."

इतकी वर्षं ती वाटी माझ्यासाठी होती. आणि आत्यांनी हे सांगितलं कुणाला, तर गौरीला. मला एकदा सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? इथेही पोरीनेच बाजी मारली. आजवर मी आत्यांवर जळत आले होते, त्या क्षणी गौरीवर जळले.

"तुझ्या जुन्या वहीचं शेवटचं पान कोरं आहे ना?" मी विचारलं.

"आहे. आत्याचा फोटो लावायचाय तिथं. जाऊन आल्यावर लावते."

"आत्ता काढ."

मी मैदा ढवळला, एक गाठ होऊ दिली नाही. वाटी घेऊन बाहेर आले तर गौरी सरकून जागा करत होती, अगदी आत्यांसारखी. मी बसले. वहीशेजारचा फोटो मी उचलला. त्यात आत्यांनी माझी जांभळी साडी नेसली होती. गौरीने फोटोसाठी हात पुढे केला, पण मी तो तिला दिला नाही. मीच चिकटवला.