घुशीचं बीळ समजून

आमचं शेत चाकणच्या कंपन्यांच्या मागे, नदीला लागून आहे. नदीत पाणमांजरं पहिल्यापासून होती, पण खालच्या डोहात, मैलभर लांब. मासे धरणाऱ्यांची जाळी फाडायची म्हणून शिव्या खायची. आमचंही एक जाळं त्यांनी फाडलं होतं. मला त्यांचं कौतुक नव्हतं.

दोन उन्हाळे असे पडले की खालचा डोह तळापर्यंत सुकला. मग एक जोडी आमच्या शेताखालच्या डोहात आली. दुसरीकडे पाणीच उरलं नव्हतं.

दिवाळी झाली की मी काठावरची बिळं बुजवते. तोवर पाऊस संपलेला असतो, ज्वारी वर येत असते आणि घूस बांध पोखरते. लग्न होऊन आले तेव्हापासून हेच करते. गेल्या वर्षी करंजाच्या मुळाशी एक मोठं बीळ दिसलं. तोंडाशी माशांचे खवले पडले होते. ते मी पाहिले. घारीने मासा खाल्ला असेल असं वाटलं. बिळात दगड कोंबले, वर बाभळीचे काटे घातले, माती टाकून पायाने दाबलं.

पुढे काही दिवसांनी मादी तोंडात मासा धरून त्याच करंजाखाली बुडी मारताना दिसली. ती वर आली नाही. पिल्लं घातली असणार, एवढं कळलं. तिचं दार पाण्याखाली होतं. वरचं बीळ त्याच घराचं, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही.

मार्गशीर्षात पाऊस लागला. तीन दिवस थांबला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी सून मोबाईल घेऊन आली.

"आत्याबाई, धरणातनं पानी सोडत्यात. मेसेज आलाय."

"आत्ता? मार्गशीर्षात?"

"मोबाईलला सांगा, मार्गशीर्ष हाय म्हनून."

मुलगा पहिली शिफ्ट करून नुकताच आला होता. तो मोटर काढायला नदीवर धावला, त्याच्या मागे मी. तो दोर सोडत होता तेव्हा मला करंजाखालून आवाज आला. कोंबडीच्या पिल्लांसारखा, पण जोरात. मी कोंबलेल्या दगडांच्या आतून येत होता. मादी पाण्यात गोल फिरत होती, बुडी मारत होती, रिकाम्या तोंडाने वर येत होती. तेव्हा मला कळलं: पाणी चढलं की पिल्लं बाहेर काढायची वाट तीच, आणि ती मी बुजवली होती.

काटे ओढले. दोन दगड निघाले. बाकीचे काळ्या मातीत घट्ट बसले होते. मीच बसवले होते. पाणी गुडघ्याला लागलं.

"आय, मोटर निघाली. चल वर."

"हितं पिल्लं हायेत."

"कुनाची?"

"पानमांजराची. पहार आन."

"पहार घरी हाय. आन् जाळं फाडलं तवा तूच शिव्या घालत व्हतीस ना? चल!"

त्याने मला काखेत धरून वर ओढलं. त्याचं चुकलं नाही. पहार येईपर्यंत पाणी थांबणार नव्हतं. आम्ही बांधावर उभे राहिलो. पाणी दगडांवर चढलं आणि आवाज बंद झाला. मादी बराच वेळ तिथेच फिरत होती.

ती दोन दिवस दिसली, मग गेली. खाली गेली असेल तर उन्हाळ्यात तिथे पाणी नसणार.

मी चौथीपर्यंत शिकले. पुस्तकात ऋतू तीन होते, प्रत्येकाचे चार महिने. तेवढ्यावर शेती झाली. आता सून सांगते की सगळ्या जगाचं हवामान बदललंय. बदललं असेल. मी त्याला काय करू?

यंदा दिवाळी झाली तरी मी एकही बीळ बुजवलं नाही. घुशींनी नदीकडची ज्वारी कापली. मुलगा रोज विचारतो, "आय, बिळं कधी बुजवायची?"

मी म्हणते, "पाऊस संपला की."

"मग संपला का?"