शेळ्या सोडायची वेळ

शेकासाठी निरगुडीचा पाला उकळायला लागला की त्या उग्र वासासरशी मला धारूरच्या डोंगराकडेचं आमचं अंगण दिसतं. शाळेत जायच्या वयातच मला संधिवात झाला होता आणि सकाळी गुडघे लाकडासारखे ताठ व्हायचे. बीडच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "शेकून झालं की रोज चालायला लावा. बसवून ठेवलंत तर सांधे आखडतील." तरी आई मला उचलूनच न्यायची. त्या सकाळी मात्र शेक झाल्याबरोबर वडील म्हणाले, "आज शेळ्या तूच सोडायच्या." शेळ्यांचं वाडगं अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला होतं. भुकेल्या शेळ्या फाटकाला धडका देत ओरडत होत्या. मी भिंत धरून निघाले, मध्येच पाय लटपटले, तशी आई धावली. "पडंल की लेकरू!" "हात लावू नको," वडील ओरडले. शेजारच्या अंगणातून चुलते म्हणाले, "बाप हायस का कसाई रं? लेकराला कशापायी छळायलास?" सुजलेल्या बोटांनी फाटकाची कडी सरकेना. शेवटी रडत रडत दोन्ही तळहातांनी मी ती ढकलली. शेळ्या उधळल्या, मी खांबाला मिठी मारली. पण अंगणात येऊन त्या थबकल्या, कारण त्यांना रानाकडे हाकणारी वडिलांची रोजची हाक आलीच नव्हती. वडील काठीवर हनुवटी टेकवून उभे होते आणि डोळे पुसत होते. मग ती हाक मीच दिली, "हुर्रर्र हाऽऽ!" अजूनही एखाद्या सकाळी गुडघे अडून बसले, की मी त्यांना तीच हाक देते.