नववा फर्मा

अख्ख्या मुंबईत माझ्या मामेसासऱ्यांइतकी पुस्तकं कोणाच्या हाताखालून गेली नसतील आणि त्यांच्याइतकी कमी पुस्तकं कोणी वाचली नसतील. हे मी जावई म्हणून खवचटपणे बोलत नाही, ते स्वतःच मान ताठ करून सांगतात. एकेचाळीस वर्षं ते एका छापखान्यात बाइंडर होते. छापून आलेल्या मोठ्या कागदाला घड्या घातल्या की सोळा पानं होतात. त्या सोळा पानांच्या जुडीला म्हणायचं फर्मा, आणि असे फर्मे ओळीने लावून शिवले की झालं पुस्तक. फर्मे बरोबर लागलेत का ते बघायला मामा एका फर्म्याची शेवटची ओळ वाचायचे आणि पुढच्याची पहिली. बस. मधलं वाचायला सक्त बंदी, कारण मालकाच्या मते वाचणारा बाइंडर म्हणजे पगारी पाहुणा. त्यामुळे मामांना हजारो पुस्तकं ठाऊक आहेत, पण सांध्यापुरती. कोणी एखाद्या जुन्या कादंबरीचं कौतुक करायला लागलं की ते डोळे मिटतात आणि म्हणतात, "'त्याने घाईघाईने कडी काढली, तर दारात', इथे तिसरा संपतो. 'एक ओली छत्री होती आणि त्या छत्रीखाली', ही चौथ्याची पहिली ओळ." आपण जीव मुठीत धरून विचारावं, "छत्रीखाली कोण होतं, मामा?" तर शांतपणे उत्तर येतं, "ता माका काय म्हायत! सांधो जुळलो मां? मग झाला."

अशा माणसाकडे आमच्या मुलुंडच्या सोसायटीच्या वाचन मंडळाने दर महिन्याचं पुस्तक निवडायचं काम सोपवलं, हा मंडळाचा गाढवपणा. तशी सूचना मी मांडली होती, हा माझा. मला वाटलं, घरातला ज्येष्ठ माणूस, मान मिळेल, आणि बायको निदान महिनाभर माझ्याशी बरं बोलेल. पण मामांची निवडीची पद्धत कोणी विचारलीच नव्हती. समोर आलेलं पुस्तक ते बरोबर मधोमध उघडतात, दोन्ही बाजू धरून जोरात ओढतात, पाठीवर अंगठा दाबतात आणि शेवटी नाक आत खुपसून खळीचा वास घेतात. पानं नुसती चिकटवलेली असली तर ते पुस्तक त्यांच्या लेखी पुस्तकच नाही. "हा कागदांचा जमाव आहे, जावईबापू. पोलीस आले की पांगणार." त्यामुळे दुकानांत गाजत असलेली झाडून सगळी पुस्तकं नापास झाली, आणि आम्ही जानेवारीत शेळ्यांच्या आजारांवरचा ग्रंथ वाचला, फेब्रुवारीत कुठल्याशा साखर कारखान्याची स्मरणिका वाचली आणि मार्चमध्ये जमीन महसुलाचे नियम. तिन्हींची शिवण, मामांच्या शब्दांत, "आपल्या दोघांना पुरून उरेल अशी." गंमत म्हणजे मंडळाचे बाराही सदस्य नेटाने वाचत होते. महिन्याच्या शेवटच्या रविवारी पाण्याच्या पंपाशेजारच्या ऑफिसात चर्चा व्हायची. शेळ्यांच्या वेळी ती इतकी रंगली, की सेक्रेटरींनी गच्चीवर दोन शेळ्या पाळायचा ठराव मांडला. तो सहा विरुद्ध पाच मतांनी पडला. एक मत तटस्थ होतं, ते माझं. शेळ्यांबद्दल मला आता आदर आहे, पण गच्चीच्या खालचा फ्लॅट आमचा आहे.

एप्रिलमध्ये मात्र दुसऱ्या मजल्यावरच्या बाई बंड करून उठल्या. बाई निवृत्त मुख्याध्यापिका आहेत आणि बंडसुद्धा वेळापत्रक लावून करतात. "या महिन्यात कादंबरी. माणसांची. दोन पायांच्या," असं म्हणून त्यांनी भावाच्या घाटकोपरच्या घरातून आणलेली एक जुनी कादंबरी टेबलावर आपटली. तिचं नाव मी सांगणार नाही, आणि त्याला कारण आहे. मामांनी ती ओढली, दाबली, हुंगली. मग सवयीने फर्म्यांचे सांधे बघायला भिंग काढलं. डोळ्यांचं त्यांच्या आता असं झालंय, की भिंगाखाली एक ओळ कशीबशी लागते आणि दुसरीपर्यंत डोळ्यांत पाणी येतं. आठव्या-नवव्याच्या सांध्यावर भिंग थांबलं ते हललंच नाही. मला वाटलं, मामांना काही झालं.

"हीच ती," मामा म्हणाले.

त्यांनी सांगितलं ते असं. तरुणपणी त्यांनी ही कादंबरी बांधली होती. बाइंडरकडे फर्मे नुसते येतात, नाव असलेलं वेष्टन दुसऱ्याच खात्यात चढतं, म्हणून नाव त्यांना कधी कळलंच नाही. पण सांधा लक्षात राहिला. आठवा संपतो तो असा: 'शालू उंबऱ्यात थांबली, मागे वळली आणि दिगंबरला म्हणाली,' आणि नवव्याची पहिली ओळ: 'एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली. ती अशी, की'. आयुष्यात त्या एकाच वेळी मामांनी नियम मोडून दुसऱ्या ओळीकडे डोळा वळवला, आणि नेमका मालक ओरडला. गठ्ठा पुढे गेला. "लग्नात अंतरपाट धरला तेव्हासुद्धा माझ्या डोक्यात हाच विचार," मामा म्हणाले, "काय गो सांगायचं राहिलं तुझं?" यावर मामींचं म्हणणं काय होतं ते विचारायला मामी आता नाहीत.

मग काय, एकमताने पुस्तक ठरलं. प्रत एकच आणि वाचणारे बारा. मामांनी दुपारभर बसून शिवण उसवली आणि बारा फर्मे बारा जणांना दिले. ज्याने त्याने आपापली सोळा पानं वाचायची आणि शेवटच्या रविवारी क्रमाने उभं राहून सांगायची. पहिला फर्मा माझ्या बायकोला मिळाला, आठवा बाईंना, दहावा सेक्रेटरींना. मामांच्या वाटणीचा बारावा त्यांच्या नातीने वाचायचा होता. मी म्हटलं, "मामा, नवव्याची दुसरी ओळ आत्ताच वाचून दाखवतो की." तर ते चिडले. "आठ ऐकल्याशिवाय नववा? पंगतीत बसल्या बसल्या ताक मागता तुम्ही? इतकी वर्षं थांबलो, चार आठवडे जड आहेत?" आणि नववा फर्मा रुमालात गुंडाळून त्यांनी माझ्या हातात दिला. "हा तुमच्याकडे. घरचा माणूस."

घरच्या माणसाने तो पायजम्याच्या खिशात ठेवला. सवडीने वाचू म्हटलं. सवड व्हायच्या आत पायजमा वॉशिंग मशीनमध्ये गेला.

"खिशात काय होतं रे?" बायकोने आतून विचारलं. "माझ्या काळ्या कुर्त्यावर काश्मीर झालंय."

"बिल होतं गं जुनं," मी म्हणालो. इतक्या चटकन, की मलाच माझं कौतुक वाटलं. मग बाथरूमची कडी लावून मी तो लगदा ताटात पसरला आणि हेअर ड्रायरने वाळवला. अक्षरं उडून आरशावर चिकटली. सोळा पानांतला वाचता येईल असा एकच मजकूर उरला. तो म्हणजे १३४ हा पृष्ठांक.

त्याच संध्याकाळी मामांकडे जाऊन पाय धरायला हवे होते, हे आज कळतं. त्या वेळी मी विचार केला, की अकरा जणांना आपापलंच माहीत आहे आणि मामांना तर फक्त ओळी. नववा कोणी वाचलाय? मी सांगीन तो नववा. फार तर शेजारच्या फर्म्यांची चौकशी करावी, तर तेवढाही शहाणपणा सुचला नाही. उलट महिनाभर जिन्यात मामा भेटले, की "वाचलंत ना? सांगू नका हं, सांगू नका!" असं म्हणत दोन्ही कानांवर हात ठेवून पळायचे. ऐंशीला टेकलेला माणूस जिन्यात पळतोय हे बघून तरी मला लाज वाटायला हवी होती. मला वाटलं, बरं झालं, विचारत नाहीत.

शेवटचा रविवार आला. मामा इस्त्रीचा सदरा घालून पहिल्या खुर्चीत. एक ते आठ फर्मे सुरळीत झाले. बाईंनी आठवा सांगितला तेव्हा तर पंपसुद्धा बंद करून ठेवला होता. "...मागे वळली आणि दिगंबरला म्हणाली," असं म्हणून बाई बसल्या आणि मामांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेपुढे मी जो सुटलो तो सुटलोच. शालू म्हणाली, तिचं लग्न आधीच ठरलंय. दिगंबर घराबाहेर पडला. वादळ उठलं. मी स्वतः हाताने लाटा करून दाखवल्या. दिगंबर होडीत बसला, होडी उलटली, कोळ्यांनी तीन दिवस शोधलं, चौथ्या दिवशी नुसती टोपी सापडली. माझ्या बायकोने चक्क डोळे पुसले. मी खाली बसलो तेव्हा मलाच दिगंबरचं वाईट वाटत होतं.

सेक्रेटरी उभे राहिले. ते काहीही मिटिंगच्या अहवालासारखंच वाचतात. "दहावा फर्मा. दुसऱ्या दिवशी सकाळी दिगंबर यांनी पोहे खाल्ले. पोहे पुन्हा मागितले. त्यांच्या डोक्यावर टोपी होती."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

"पोहत आला असेल," कोणीतरी म्हणालं.

"चार दिवस?" बाई म्हणाल्या. "आणि आल्या आल्या पोहे?"

"पोहून भूक लागते," सेक्रेटरींनी माझी बाजू घेतली. "पण मग टोपी दोन होत्या असं नोंदवावं लागेल."

"तुमचा फर्मा दाखवा," बाई मला म्हणाल्या. वर्गात कॉपी पकडल्यावर म्हणत असतील तशा. माझ्याजवळ दाखवायला १३४ होता. मी सगळं सांगून टाकलं, पायजम्यापासून ड्रायरपर्यंत. मंडळी इतकी हसली, की सेक्रेटरींना धरून खुर्चीवर बसवावं लागलं. मीही हसलो. माझ्या फजितीवर मी नेहमीच सगळ्यांच्या आधी हसतो, त्याने मार कमी बसतो.

मामा हसले नाहीत. रागावलेही नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "म्हणजे ती काय म्हणाली, ते तुम्हीसुद्धा वाचलं नाही?"

"नाही, मामा."

"दुसरी ओळ पण नाही?"

"नाही."

त्यांनी टेबलावरचे फर्मे गोळा केले, उभे ठोकून कडा एकसारख्या केल्या आणि घरी गेले. दुसऱ्या दिवशी नोटीस बोर्डावर कागद लागला: 'या महिन्यात पुस्तक नाही.'

बायकोने एका वाक्यात निकाल दिला. "पुस्तक मिळेपर्यंत माझ्याशी बोलायचं नाही. जेवायला ये, पण बोलू नकोस."

मग मी उपनगरं पालथी घातली. घाटकोपरचे रद्दीवाले झाले, चेंबूरची जुनी पुस्तकं झाली. बोरिवलीच्या एका दुकानदाराने "नाव काय म्हणालात?" असं तीनदा विचारून मला पाककृतींचं पुस्तक विकलं. अडीच महिन्यांनी चारकोपच्या एका सेक्टरमधल्या वाचनालयात, वरच्या फळीवर, ती कादंबरी मिळाली. बारा फर्मे, शाबूत. ग्रंथपाल म्हणाले, "पुस्तक बाहेर जाणार नाही. सभासदत्व फक्त सेक्टरच्या रहिवाशांना. इथे बसून वाचा, रविवारी दहा ते बारा." फोटो काढू का विचारलं, तर त्यांनी भिंतीवरची पाटी दाखवली. मी बाहेर येऊन मामांना फोन केला. त्यांनी वाचनालयाचा पत्ता दोनदा विचारून घेतला. मग म्हणाले, "तुम्ही उघडलंत?"

"नाही."

"खरं सांगताय की होडीतलं?"

"खरं, मामा. हात नाही लावला."

पुढच्या रविवारी आम्ही दोघं मुलुंडहून दोन बस बदलून चारकोपला गेलो. मी नववा फर्मा काढला. पान १२९. वाचायला लागलो. 'एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली. ती अशी, की'. मामांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. दुसऱ्या ओळीत शालूच्या आत्याने आतून हाक मारली आणि शालू थांबली. पुढे पानभर आत्या. मी पान उलटणार तोच मामांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"आज इतकंच."

"अहो मामा, एकच पान झालंय! दोन तास बसमधून आलोय आपण!"

"सोळाच पानं आहेत, जावईबापू," ते म्हणाले. "हपापल्यासारखं नका करू."

तेव्हापासून दर रविवारी दोन तास जायला, दोन तास यायला आणि मध्ये एक पान. शालूला अजून बोलायला सवड मिळालेली नाही. आत्या झाली, मग शेजारीण आली, मग दूध उतू गेलं. पुस्तक माझ्या हातात असतं, मामांना तर अक्षर दिसत नाही. ते पाणी प्यायला उठतात तेव्हा पुढचं पान उचलून बघणं अगदी सोपं आहे. मी बघत नाही. कादंबरीचं नाव सांगत नाही तेही यासाठीच. तुमच्यापैकी कोणी शोधून वाचेल आणि भेटल्यावर ऐटीत सांगेल.

गेल्या रविवारी वाचनालय बंद होतं. ग्रंथपालांकडे काही कार्य होतं म्हणे. आम्ही तिथेच पायरीवर बसलो. थर्मासातला चहा झाला. मामांनी मागच्या वेळची शेवटची ओळ विचारली, मी सांगितली. त्यांनी ती मनात घोळवली आणि मान हलवली. उठताना मी सहज म्हणालो, "आजचं राहिलं, तर पुढच्या रविवारी दोन पानं वाचू."

मामा एकदम घाबरले. "नको, नको. एकच." मग काठी सावरत, माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "उरली किती?"

"आठ."

"आठच?"

रस्त्यापलीकडे आमची बस आली होती. मी त्यांचा हात धरला.

"पानं मोठी आहेत, मामा," मी म्हणालो.