लाकडी व्हरांड्यात सांडलेला रंग

माझ्या धाकट्या दिरांइतका उतावळा माणूस अख्ख्या कलकत्त्यात नव्हता; असे आणखी दोघे असते तर हावड्याचा पूल उलटा बसला असता. ऑफिसातून आले की बूट काढायच्या आधी हातात पाना. "वहिनी, एका मिनिटाचं काम," म्हणायचे आणि मी आधी काचेची भांडी उचलून ठेवायचे. दार करकरतं म्हणून बिजागरीला त्यांनी इतकं तेल पाजलं की ते दार पुढे लागेचना, आणि शेजारची मांजर आमच्याकडे जेवायला येऊ लागली. बंद घड्याळ दुरुस्त केलं, तर त्याचे टोल थांबेनात. "आवाज खणखणीत आहे की नाही?" असं वर मलाच विचारलं. एस्प्लनेडला ट्राम अडकली की खाली उतरून ड्रायव्हरला सल्ला देणार. ट्राम सुटायची आणि भावजी खालीच. मग चालत घरी यायचे, पण चेहरा असा, की ट्राम जणू यांनीच ढकलून दिली. मी रागवायचे. त्यांना ते कळायचंच नाही.

फाळणीनंतरचे दिवस होते. सियालदहच्या फलाटावर लोकांचे संसार पडले होते, शहरात खोली मिळत नव्हती. मी, माझे यजमान आणि भावजी बेहाला भागात एका बंगाली म्हातारीच्या घरी वरच्या मजल्यावर राहायचो; तिचं देवघरही वरच होतं. तिला सगळे मासिमा म्हणायचे. तिच्या पुतण्याला आमच्या खोल्या हव्या होत्या. "लक्ष्मीपूजा होऊ दे, मग सांगते," एवढंच ती आम्हाला म्हणाली होती. तिकडे लक्ष्मीपूजा कोजागिरीला असते. त्या सकाळी मासिमा बाजारात गेली आणि भावजींनी ठरवलं, की ती यायच्या आत लाकडी व्हरांड्याचा कठडा पांढरा रंगवून तिला खूश करायचं.

कठडा झाला छान. तो नीट बघावा म्हणून मागे सरकले, टाच डब्याला लागली, आणि सगळा रंग मासिमाच्या देवघराच्या उंबऱ्यापाशी फळ्यांवर पसरला. फडकं आणायला भावजी अनवाणी त्याच रंगातून जिन्याकडे धावले. मी बाहेर येऊन बघते तर देवघरापासून जिन्यापर्यंत पांढरीशुभ्र पावलं. आपल्याकडे काय आणि बंगाल्यांकडे काय, लक्ष्मीची पावलं घरात येणारी काढतात.

"भावजी, पावलं कुठून कुठे चाललीत ते बघा."

ते जिन्यातच थबकले. "वहिनी, लक्ष्मी घर सोडून निघाली."

"लक्ष्मीचं राहू द्या. आता आपण निघालो."

मग कामाला जुंपलो दोघं. रंग ओला होता हेच नशीब. आधी पत्र्याच्या झाकणाने निपटून डब्यात भरला, उरला त्यावर चुलीतली राख टाकली. मग रॉकेलचा बोळा, तोही लाकडाच्या रेषांच्या दिशेनं. आडवं घासलं की रंग आणखी आत शिरतो. फटींतला मी केसांतल्या आकड्यानं उकरला. भावजी आधी रडवेले होते, पण पहिलं पाऊल निघालं आणि त्यांना चेवच चढला. "कसं भराभरा निघतंय, वहिनी! शेजारी विचारून येऊ का, कुणाचं काही सांडलंय?" संध्याकाळी तिथे दिवे लागणार, रॉकेल राहून चालणार नव्हतं, म्हणून सोड्याच्या गरम पाण्यानं आणि काथ्यानं धुतलं. वाळल्यावर बघितलं. रंगाचा ठिपका नव्हता. पण फळ्या वर्षानुवर्षांच्या काळ्या, आणि घासलेलं तेवढंच लाकूड लख्ख उजळलेलं. पावलं आता पिवळीधमक दिसत होती, आणि पहिल्यापेक्षा मोठी.

तेवढ्यात मासिमा नारळ घेऊन जिना चढून आली. पावलं बघत बघत देवघरापर्यंत गेली. मी काय बोलावं ते शोधत होते. भावजींना ती सवय नव्हती. "मासिमा, लक्ष्मी नाही गेली. ही माझी पावलं. रंग सांडला. काढायचं तर मला काढ, मी सियालदहच्या फलाटावर राहीन. दादाला आणि वहिनीला काढू नकोस." बंगाली, हिंदी, मराठी, सगळं एकाच दमात.

म्हातारीनं आपलं पाऊल त्यातल्या एका पावलात ठेवून बघितलं.

"एवढा सपाट पाय लक्ष्मीचा? बदक आहेस तू," ती म्हणाली. "माझ्या पुतण्यानं या घरातली एक फळी कधी पुसली नाही. उभा काय राहिलास? बाकीचा व्हरांडा काळाच ठेवणार? आणि तू गं, आत ये. लाडू वळायचेत."

"आणि आमच्या खोल्या?" मी विचारलं. मला आडून बोलणं जमत नाही.

"तुम्ही गेलात तर पुढच्या वर्षी घासणार कोण?"

भावजींनी चंद्र उगवेपर्यंत सगळा व्हरांडा घासला. नारळाचा पहिला लाडू मासिमानं त्यांच्या हातावर ठेवला, आणि मग दर कोजागिरीला तसाच ठेवत गेली.

भावजी गेले तेही घाईतच, एका तापात. तोवर मासिमाला विसरायला होऊ लागलं होतं. कोजागिरीला वाटीत लाडू काढून ठेवायची आणि विचारायची, "ऑफिसातून आला नाही का अजून?" मी सांगायचे, येतील. मग ती झोपली की लाडू मीच खाऊन टाकायचे. खोबरं ताजं असायचं.