मोहाच्या लाडवाला नऊपैकी नऊ

आमच्या न्यूट्रिशनच्या लॅबमध्ये किस्से मिक्सरच्या झाकणात पीठ अडकतं तसे अडकून बसतात. कितीही पुसून ठेवा, पुढच्या वेळी झाकण उघडलं की थोडं अंगावर उडतंच! यवतमाळच्या कॉलेजात एम.एस्सी. करणाऱ्या आम्ही मोजक्या जणी, त्यामुळे प्रत्येकीच्या वाट्याला भरपूर येतात. माझ्या वाट्याला जरा जास्तच आले.

मी दारव्ह्याहून रोज एसटीनं येणारी. पहिलं वर्ष संपता संपता दिवस गेले, मुलगी झाली, कॉलेज सुटलं. ती अडीच वर्षांची झाल्यावर परत आले तेव्हा ऑफिसात स्पष्ट सांगितलं गेलं, यंदा प्रबंध जमा होऊन तोंडी परीक्षा झाली तर डिग्री. नाही तर पुन्हा पहिल्यापासून. हे ‘पुन्हा पहिल्यापासून’ तेव्हापासून माझ्या डोक्यात पंख्यासारखं फिरत होतं. पण मनाशी ठरवलं होतं, रडायचं असेल तर सबमिशननंतर!

विषय घेतला लहान मुलांसाठी पौष्टिक लाडू. ज्वारीच्या लाह्या, तीळ आणि साखरेऐवजी वाळवलेली मोहफुलं. विषय उत्तम. अडचण एकच. माझी स्वतःची मुलगी काहीच खात नव्हती.

तिचं नाव सुजाता. सासूबाईंनी ठेवलं, बुद्धाला खीर खाऊ घालणाऱ्या सुजातेवरून. खाऊ घालणारीचं नाव ठेवलं, खाणारीचं ठेवायला हवं होतं, असं मला रोज जेवणाच्या वेळी वाटतं.

*

पहिला सेमिनार होता ‘तीन वर्षांच्या मुलांना जेवू घालण्याच्या योग्य सवयी’ यावर. मी मोठ्या आवेशात बोलत होते. पडद्यावर ठळक अक्षरांत स्लाइड, ‘जेवणाऐवजी बिस्किट देऊ नये.’

फोन मी टेबलावर ठेवला होता. घरून कधी काय निरोप येईल या धास्तीनं तो कधी बंद करत नाही. नेमका तेव्हाच वाजला. बंद करायला गेले तर घाईत स्पीकर सुरू झाला.

“अवं, कायच खाऊन नाही राह्यली हे पोट्टी!” सासूबाईंचा आवाज सगळ्या वर्गात घुमला. “सकाळपासून उपाशी हाये. बिस्किट देऊ का?”

राऊत मॅडम, म्हणजे माझ्या गाइड, पहिल्या बाकावर. सगळा वर्ग एकदा स्लाइडकडे बघतोय, एकदा माझ्याकडे.

मी फोनकडे वाकून म्हणाले, “द्या.”

*

लाडवातले क्षार मोजायचे तर लाडू भट्टीत जाळून त्याची पांढरी राख करावी लागते. मग त्या राखेचं वजन. दिवसभर तेच करून घरी गेले. सासूबाईंनी विचारलं, “काय केलं आज कॉलेजात?”

“लाडू जाळले. पूर्ण राख होईपर्यंत.”

“घरी पोळी करपली तं मानसं तोंड वाकडं करतात. तिथं मार्क देतात व्हय?”

*

मोहफुलं आणली घाटंजीकडच्या एका गावातून. बरोबर प्रणाली होती. प्रणाली राठोड, माझी लॅबमधली जोडीदारीण, तांड्यावर वाढलेली, कुणाच्या बापाला न भिणारी. फुलांची पिशवी मांडीवर घेऊन आम्ही एसटीत बसलो. ऊन असं, की थोड्याच वेळात सगळ्या गाडीत तो गोड, आंबूस, दारूच्या भट्टीची आठवण देणारा वास पसरला. पुढचे लोक मागे वळून बघू लागले. एक आजोबा तर उठून आमच्या मागच्या सीटवर येऊन बसले!

कंडक्टर आला. पिशवीकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं. “ताई, हे काय घेऊन राह्यल्या?”

मी घाबरून, अगदी शुद्ध मराठीत म्हणाले, “रिसर्च आहे, दादा.”

“असं का?” तो तिकीट फाडत म्हणाला. “आमच्या गावात बी दोघंतिघं करतात हा रिसर्च. पोलीस आले का पयतात!”

*

लाडू करण्याआधी गावातल्या आया काय खातात याचा सर्व्हे होता. पद्धत सोपी, काल सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय खाल्लं ते विचारायचं. घाटंजीकडच्याच एका घरी गेलो. घरची बाई माझ्याच वयाची, कडेवर मूल.

“काल दुपारी काय खाल्लं, ताई?”

“वांग्याची भाजी, भाकर, वरण, भात.”

मी खूश होऊन भराभरा लिहिलं. प्रणालीनं मात्र विचारलं, “हे झालं घरात काय रांधलं ते. तुमच्या ताटात काय होतं?”

“माह्या?” बाई हसली. “माह्यं काय लिहिता? उरलं ते.”

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये बाजरीपासून बोरापर्यंत सगळ्याचे कोड आहेत. ‘उरलं ते’चा नाही. मी ‘इतर’चा रकाना शोधू लागले.

तर तीच म्हणाली, “तुमी काय खाल्लं सकाळपासून?”

मी आठवून पाहिलं. चहा. आणि सुजातानं टाकलेली अर्धी पोळी. म्हणजे उरलं ते! प्रणाली माझ्याकडे बघून खो खो हसायला लागली. बाईनं लगेच दोन ताटं मांडली.

परत येताना प्रणाली म्हणाली, “मॅडमनं विचारलं किती सॅम्पल झाले, तं काय सांगू? आज सॅम्पलनं आपलंच सॅम्पल घेतलं!”

*

आता खरी कसोटी. लाडू कसा झालाय ते लोकांना चाखायला देऊन ठरवायचं असतं. रंग, वास, चव, कडकपणा, प्रत्येकाला एक ते नऊपैकी गुण. एक म्हणजे अजिबात आवडला नाही, नऊ म्हणजे अतिशय आवडला. तीन प्रकारचे लाडू. मोह कमी, मोह जास्त आणि तुलनेसाठी एक मुद्दाम बेचव ठेवलेला. दोन लाडवांच्या मध्ये तोंड साफ करायला पाणी.

अंगणवाडीत आया जमल्या. प्रत्येकीला मी आदरानं बसवलं, वाढलं, नमस्कार केला. गुण आले.

नऊ. नऊ. नऊ. नऊ.

कमी मोहाला नऊ, जास्त मोहाला नऊ, बेचव लाडवाला नऊ. एका बाईंनी तर मधल्या पाण्यालाही नऊ दिले!

मी रडवेली होऊन विचारलं, “मावशी, तिन्ही सारखेच कसे लागले?”

“सारखे नाही लागले वो. पण पोरगी एवढ्या दुरून लाडू करून आणते, हातात देते. त्याले नाव ठेवू काय?”

राऊत मॅडमनी आकडे पाहिले, चष्मा काढला. “बाई गं, हा डेटा नाही, हा पाहुणचार आहे. परीक्षक विचारतील, तिन्हींत फरक काय? तू काय सांगशील? पुन्हा कर.”

पुन्हा! तारीख जवळ आलेली, मोहफुलं संपत आलेली. घरी मंगेश, म्हणजे नवरा, समजूत घालायला लागला, “जाऊ दे ना. नाही झालं यंदा तर पुढं बघू.” मी त्याच्यापुढे लाडू ठेवला. “आधी हा खाऊन गुण दे.”

“नऊ!” खायच्या आधीच!

मग मी हट्टालाच पेटले. घरातच सराव सुरू केला. रोज संध्याकाळी मंगेश आणि सासूबाईंपुढे बशी धरायची आणि म्हणायचं, “कसा आहे? खरं सांगा. मी रागावणार नाही.” सुजाता दाराला टेकून बघत असायची. तिच्यापुढे बशी नेली की तोंड घट्ट मिटायची.

तोड काढली प्रणालीनं. पुढच्या वेळी मला अंगणवाडीच्या बाहेर बसवलं आणि आत जाऊन सांगितलं, “हे लाडू माह्या नणदेनं केले.”

बस्स! काय सांगू, धरणाचं दारच उघडलं.

“तीळ कच्चे राह्यले.”

“मोहाचा वास तोंडात रेंगाळते.”

“हा दुसरा लाडू हाये का गोटा? नणदेले म्हणा, आदी स्वतः चावून पाह्य!”

एकीनं एक गुण दिला आणि शून्य आहे का विचारलं! बाहेर बसून ऐकताना माझे डोळे भरून आले. आनंदानं! पण मॅडम कसल्या ऐकतात? “नऊ म्हणजे पाहुणचार होता, हे म्हणजे जुनं भांडण आहे. मधलं नातं शोधा.”

तिसऱ्या खेपेला सांगितलं, दुसऱ्या कॉलेजच्या पोरींचे लाडू आहेत. त्यांच्याशी ना माया ना वैर. तीळ नीट भाजले होते. गुण आले पाच, सात, आठ, सहा. कमी मोहाचा लाडू स्पष्टपणे पुढे! मी प्रबंधात लिहिलं, ‘करणाऱ्याची ओळख गुप्त ठेवण्यात आली.’ लॅबमध्ये मात्र त्याला आजही ‘नणद मेथड’ म्हणतात.

*

तोंडी परीक्षेच्या दिवशी सासूबाईंना ढाणकीला मयतीला जावं लागलं आणि मंगेशला सुटी मिळाली नाही. सुजाताला घेऊनच एसटी पकडली. प्रणालीनं तिला मांडीवर घेऊन शेवटच्या खुर्चीवर बसवलं.

बाहेरून आलेले परीक्षक सर कमी बोलणारे. समोर लाडवांची प्लेट होती, पण त्यांनी तिला हातही लावला नव्हता. पानं उलटत, एकेक आकडा बोटानं दाबून विचारत होते. मी उत्तरं देत होते.

शेवटी त्यांनी प्रबंध मिटला. “हे सगळे गुण आयांचे. लाडू मुलांसाठी. मुलं खातील कशावरून?”

“सर, आयांना आवडला तर त्या मुलांना देतील, हा पहिला टप्पा आहे. मुलांची चाचणी पुढे करायची, असं शेवटच्या प्रकरणात लिहिलंय.”

“ते वाचलं. मागे बसलीय ती तुमचीच मुलगी ना? ती खाते?”

राऊत मॅडम खिडकीबाहेर बघायला लागल्या.

“नाही, सर,” मी म्हणाले. “तिनं अजून एकदाही तोंडात घेतला नाही.”

सरांनी पेनाचं टोपण काढलं.

तेवढ्यात मागे खुर्ची सरकली. प्रणालीच्या हातातून निसटून सुजाता थेट टेबलापाशी आली. प्लेटमधला एक लाडू उचलला आणि सरांसमोर जाऊन उभी राहिली.

“आ करा.”

मी उठले. मॅडमनी हातानं थांबवलं. सरांनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी आ केला.

“चावा. गालात नाही ठेवायचा.”

सर चावत होते. अर्धा लाडू तोंडात, अर्धा हातात.

“कसा आहे?”

“छान आहे, बाळा. नऊ!”

सुजातानं मान हलवली. “खरं सांगा. मी रागावणार नाही.”

सरांनी माझ्याकडे पाहिलं, मॅडमकडे पाहिलं. घास गिळला.

“थोडा कडक आहे,” ते हळूच म्हणाले.

सुजातानं त्यांच्या हातातला उरलेला अर्धा लाडू काढून घेतला आणि आपल्या तोंडात टाकला. सगळ्या खोलीत फक्त तिच्या चावण्याचा आवाज येत होता, कुडुम कुडुम.

“कडकच असते,” ती तोंड भरलेलं असतानाच म्हणाली. “आईनं केला.”