घरातलं नाव

एक हात दाराच्या चौकटीवर ठेवायचा, दुसऱ्यानं टोपी मागं सरकवायची आणि मग हाक मारायची. आमच्या तालुक्याच्या कोर्टात पक्षकारांच्या नावाचा पुकारा करणारे शिपाई, आबा, असेच उभे राहायचे. तुमच्यापैकी कुणी तिथं तारखांना बसलं असेल, तर हाकेआधीचा त्यांचा प्रश्नही आठवत असेल. "घरात काय म्हणायचे?"

बेपत्ता माणसाचा दावा असला की हा प्रश्न हमखास यायचा.

"आबा, हरवलेला माणूस कोर्टाच्या दारात कशाला येऊन बसेल?" मी एकदा विचारलं.

"येत न्हाईच. पर आपुन बोलवायचं. कागदावरच्या नावाला माणूस लवकर ओ देत न्हाय."

"पेपरात नोटीस दिलीय की."

"लई बारीक असती शेठ. मलाच दिसत न्हाय."

मी भवानीनगरला जुने ट्रॅक्टर घेतो-विकतो. लिंबाच्या झाडाखाली धंदा सुरू केला, कुणाच्या बापाचा आधार नव्हता. शेळगावची रस्त्याकडेची जमीन मला ट्रॅक्टर उभे करायला हवी होती. सौदा मी ताणून ताणून माझ्या मनासारखा केला होता. अडचण एकच होती. जमीन एका बाईच्या आणि तिच्या भावाच्या नावावर, आणि भाऊ बापाशी भांडून कधीचा निघून गेलेला. ज्याची खबर जवळच्या माणसांना सात वर्षं नाही, त्याला कोर्ट मेलेला धरू शकतं. म्हणून बाईनं दावा लावला. भावाचा पत्ता नाही, असं तिनं शपथेवर सांगितलं. हरकत घ्यायला कुणी आलं नाही. आता फक्त शेवटचा पुकारा आणि निकाल राहिला होता.

त्या सकाळी वरांड्यात आबांनी बाईला गाठलं. "घरात काय म्हणायचे त्याला?"

बाई पदर चाळवत म्हणाली, "गेनू."

"ज्ञानदेव सोपान, हाजिर हाय का?" पहिली हाक सरकारी. दुसरीही तशीच. तिसऱ्या वेळी आबा दाराबाहेर गेले आणि रानातल्या पोराला जेवायला बोलवावं तसं म्हणाले, "गेनू, ए गेनू... आलास का रं?"

"हाय," मागून आवाज आला.

बाई उभी राहिली होती.

 आमचे वकील तिला खाली बसायच्या खुणा करायला लागले.

"जिता हाय सायेब. बारामतीला गॅरेजात असतो. दर भाऊबीजेला अंधार पडल्यावर येतो माझ्याकडं. त्योच म्हणला, आक्का, मला मेल्याला दाखव आन् जमीन घे तुला."

  जजसाहेबांनी आधी तिला पाणी द्यायला सांगितलं. शपथेवर खोटं बोलल्याबद्दल चांगलं खडसावलं आणि दावा फेटाळला. आज त्या जमिनीत बहीणभावाचा ऊस उभा आहे. मी रोज त्याच रस्त्यानं जातो.

त्या दिवशी वरांड्यात मी आबांवर तुटून पडलो. "तुमची ड्युटी नाव पुकारायची, का लोकांना रडवायची? झालेला सौदा मोडलात माझा."

"व्हय, मोडला," आबा शांतपणे म्हणाले. टोपी काढून त्यांनी घाम पुसला. "तुमाला घरात काय म्हणत्यात शेठ?"

"कशाला पाहिजे?"

"असू द्या. कवा लागलं तर."

"बाळ्या," मी खेकसलो आणि जिना उतरलो. आई गेल्यापासून ते नाव मी कुणाला सांगितलं नव्हतं.

पुढं आबा निवृत्त झाले, आणि मागच्या वर्षी गेले. मी मातीला गेलो नाही. राग होता, अजूनही आहे.

परवा माझीच तारीख होती. मी फाटकाबाहेर चहा पीत उभा होतो. वर गेलो तर कारकून म्हणाला, "पुकारा झाला तुमचा. तीनदा. तुम्ही गैरहजर, एकतर्फी हुकूम झाला."

मी दाराकडं बघत राहिलो. चौकटीवर हाताच्या उंचीला रंग उडालेला आहे. तिथं उभं राहून कुणी बाळ्या म्हणून हाक मारली असती, तर कप टाकून पळत आलो असतो.