चौथ्या हंसाचा डोळा

मल्लू गेल्याचा फोन त्याच्या मुलीनं केला, तेव्हा मी फळीवर रंधा मारत होतो. फोन ठेवला आणि रंधा मारतच राहिलो... खोटं कशाला बोलू, आधी मनात आलं ते हेच, की आता माझी कुणाशी तुलना होणार नाही. रडू नंतर आलं.

अक्कलकोटकडचा मल्लिनाथ, म्हणजे मल्लू, माझ्या वडिलांकडे लाकडावरचं नक्षीकाम शिकायला आला. मी मालकाचा मुलगा, त्याच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. वडील त्यानं कोरलेल्या पाकळीवरून अंगठा फिरवायचे आणि माझ्याकडे बघून म्हणायचे, "ह्येला म्हणत्यात हात." माझ्या कामाला नुसतं "बरं हाय." मी आतल्या आत जळायचो. आमच्या दुकानाची एक रीत होती. पक्षी असो की प्राणी, डोळा सगळ्यात शेवटी, आणि तो घरातल्या थोरल्यानंच उघडायचा. वडिलांच्या मागं तो मान माझ्याकडे आला. एवढी एकच गोष्ट मल्लूकडे नव्हती.

गेल्या वर्षी रेल्वे लाइन्समधल्या डॉक्टरीणबाईंनी आजोबांच्या वेळचं, आयर्लंडहून आलेलं कपाट दुरुस्तीला काढलं. दारावर चार हंस कोरलेले, त्यातला चौथा वाळवीनं खाल्लेला. त्यांनी आम्हा दोघांना तिकडची गोष्ट सांगितली. सावत्र आईनं शाप देऊन चार भावंडांचे हंस केले, पण त्यांचा माणसाचा आवाज आणि गाणं तेवढं तिला काढून घेता आलं नाही. गोष्ट दोघांना सांगितली, काम मात्र मल्लूला दिलं. महिनाभर मी बाईंच्या घराकडे फिरकलो नाही. मग तोच घरी आला.

"अण्णा, डोळा तेवढा राहिलाय. तुमीच उघडायचा की."

मला वाटलं, चिडवतोय. "तुझा हात लई नावाजलेला, तूच उघड," म्हणालो. चहासुद्धा विचारला नाही. त्यानं तो उघडला नाही.

मल्लूचं दिवसकार्य झाल्यावर पटाशी घेऊन बाईंकडे गेलो. तीन हंस बघत होते, चौथा आंधळा. त्याच्या मानेचा बाक बघून पुन्हा तसाच जळलो... इतका सुबक मला जन्मात जमला नसता. चार हलके घाव घातले. डोळा उघडला.

परवा बाईंकडे पाहुणे आले होते. बाई आत चहाचं बघत होत्या. मी कपाटाच्या बिजागरीला तेल घालत होतो. पाहुण्यांतले एक गृहस्थ चौथ्या हंसापुढे थांबले. "हे मल्लिनाथचं काम. डोळा बघा, जिवंत आहे."

मी तेल घालत राहिलो. "तो डोळा आमच्या अण्णांचा हाय," असं चारचौघांत सांगणारा एकच माणूस होता.